बांद्याच्या बाईंची प्लेट

मुलगी दाखवायचा कार्यक्रम हॉटेलात, आणि तोही ना धड न्याहारीच्या वेळी ना धड जेवणाच्या, हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फोनवर मुलाची आई फार गोड बोलत होती. बांद्याचं घर दुरुस्तीला काढलंय, सगळीकडे पसारा आहे, त्यापेक्षा पणजीलाच भेटू. मुलगा तिथंच नोकरीला आहे. रविवारी एका मोठ्या हॉटेलात माशांचा ब्रंच असतो, तुम्हाला आवडेल. मी सगळ्याला बरं बरं म्हटलं, फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "ह्येच्यात कायतरी पाणी मुरता."

नवरा पेपर वाचत होता. "तुका सगळीकडेच पाणी मुरताना दिसता," तो म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

खोटं नाही ते. माझी सगळी नोकरी ओरोसच्या सरकारी कचेरीत गेली. टेबलासमोरचा माणूस जरा जास्तच वाकून नमस्कार करायला लागला की मी चष्मा पुसून त्याच्या कागदांकडे बघायचे. निवृत्त झाले तरी सवय जात नाही. भाजीवालीने एक वांगं फुकट टाकलं तर मी पिशवीतली बाकीची वांगी उलटीसुलटी करते. मुलगी म्हणते, "आई, तुला कुणी फूल दिलं तर तू वास घ्यायच्या आधी देठ बघशील." बघेन. देठ बघायलाच हवा.

आणि इथे तर प्रश्न तिचाच होता. तिने तिशी ओलांडली होती. कुडाळला बँकेत आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, तरी आमच्या जिवाला घोर होताच. आलेली काही स्थळं आम्ही नाकारली, काहींनी आम्हाला नाकारलं, आणि मग ती कंटाळली. कुणाचं नाव काढलं की उठून आत जायची. या स्थळाला मात्र ती 'बघू' म्हणाली. नुसतं 'बघू', पण तेवढ्यावर मी देवासमोर साखर ठेवली. म्हणून तर मला भीती जास्त. इतक्या दिवसांनी उघडलेलं दार एखाद्या लबाड घराकडे उघडायला नको होतं.

आमच्याकडे मुलीकडचे आधी मुलाचं घर बघायला जातात. घर म्हणजे भिंती नव्हेत. मागच्या दाराने चूल बघायची, विहिरीत डोकावायचं, आणि त्या घरातल्या बाईच्या हातची माशाची कढी जेवायची. वाढताना तिचा हात आखडतो का, मोठी तुकडी पाहुण्याला जाते की हळूच मुलाच्या ताटात पडते, हे सगळं एका पंगतीत कळतं. हॉटेलात काय कळणार? तिथला आचारी काही आमच्या मुलीची सासू होणार नव्हता.

रविवारी निघालो. बांदा आलं तसं मी नवऱ्याला गाडी आत घ्यायला लावली. पत्ता मी आधीच विचारून ठेवला होता. मागे बसलेली मुलगी वैतागली. "आई, हे बरं दिसत नाही हं. कुणी बघितलं तर?"

"रस्तो काय त्येंच्या मालकीचो आसा?" मी म्हटलं.

घर रस्त्यावरूनच दिसलं. बैठं, कौलारू, दारापुढे रंगवलेलं तुळशीवृंदावन. कौलं जागच्या जागी. अंगण झाडून लख्ख. वाळूचा ढीग नाही, विटा नाहीत, परांची बांधलेली नाही, एखादं घमेलंसुद्धा उपडं पडलेलं नाही.

"दुरुस्ती खंय आसा?" मी नवऱ्याला विचारलं.

"आतसून काढली आसतली."

"आतसून काढली तरी घाण भायरच टाकतत मां?"

त्याने गाडी वळवली. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. मला मात्र एक प्रकारचं समाधान झालं. पहिलं खोटं सापडलं होतं. आता दुसरं शोधायचं होतं. घरात कुणी आजारी असेल, ज्याला आमच्यापासून लपवायचंय. नाहीतर भाऊबंदकी असेल आणि अर्ध्या घराला दुसऱ्याचं कुलूप असेल. पणजीचा पूल येईपर्यंत मी त्या घरात बरंच काही कोंडून ठेवलं.

हॉटेलात शिरताच अंगावर काटा आला, इतकं गार. मुलगा आणि त्याची आई दारातच उभी होती. वडील बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेले, हे आम्हाला ठाऊक होतं. बाई किरकोळ अंगाची, साधी सुती साडी, अंबाड्याला अबोलीचा वळेसर. मुलगा उंच, नीटनेटका, बोलायला अदबशीर. आम्ही दोघी एकमेकींशी कचेरीत बोलतात तसं मराठी बोलायला लागलो. "प्रवास ठीक झाला ना?" "हो, अगदी आरामात." "घराचं काम कसं चाललंय?" मी विचारलं. "चाललंय हळूहळू," ती म्हणाली. पापणीही लवली नाही तिची.

समोर टेबलामागे टेबलं मांडलेली. एका बाजूला बर्फावर कालवं उघडून ठेवलेली, कच्चीच, बाजूला लिंबाच्या फोडी. आमच्याकडे कालवं शिजवून, वाटप लावून खातात. ही नुसती चोखायची म्हणे. पुढे कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, माणक्या, सगळं वेगवेगळ्या पांढऱ्या, पिवळ्या रसात बुडालेलं. सोलकढी औषधाच्या पेल्याएवढ्या ग्लासात. आणि मासा? त्याला काटा नाही, कातडी नाही, डोकं नाही, शेपूट नाही. पाटीवर सुरमई लिहिलं होतं म्हणून सुरमई म्हणायचं. असा पांढरा चौकोनी तुकडा काहीही असू शकतो.

मी धामापूरची. समुद्र काही आमच्या दारात नव्हता. मासा यायचा तो टोपलीतून, बारा वाटांनी फिरून, म्हणून त्याला तपासल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही हे आईने शिकवलेलं. मधल्या टेबलावर बर्फात एक भलीमोठी तांबोशी सबंध ठेवली होती, तोंडात लिंबू देऊन. निदान एकाला तरी डोकं होतं. मी बोट घालून तिचा कल्ला उचलला आणि आत बघितलं.

"मॅडम, मॅडम!" टोपीवाला वेटर धावत आला. "ती फक्त बघायला ठेवली आहे."

"बघतेच आहे," मी म्हटलं.

मुलगी लांबून हे बघत होती. तिला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटत असणार. मी बोट पुसत वळले तर मुलाची आई माझ्या खांद्याशी उभी. मला वाटलं, आता ही तोंड वाकडं करणार. पण तिने मान वाकवून त्याच कल्ल्यात बघितलं आणि हळूच म्हणाली, "परवाची."

परवाचीच होती. क्षणभर मला ती बाई एकदम आपल्यातली वाटली, आणि म्हणूनच मी जास्त सावध झाले. मासा इतका कळणाऱ्या बाईने आपल्याला इथे का आणावं?

आम्ही जेवायला बसलो. नवरा माझा बुफे म्हटलं की लहान होतो. मुलगा त्याच्या प्लेटीत कोळंबी वाढत होता आणि नवरा नको नको म्हणत खात होता. मुलगा माझ्या मुलीशीही बोलत होता. ती काही म्हणाली की "अगदी बरोबर" म्हणायचा. ऐकू येत होतं, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. मी बाईंची प्लेट बघत होते.

प्लेटीत भात होता, काकडी होती, आणि सुरमई म्हणवणारा तो तुकडा. बाई भात खात होती, काकडी खात होती. तुकडा चमच्याने इकडचा तिकडे सरकत होता. मग तो सॅलडच्या पानाखाली गेला. मग मुलगा उठला, "आई, तुझ्यासाठी काय आणू?" म्हणाला आणि तिच्या प्लेटीत दोन कोळंब्या ठेवून गेला. त्याही पानाखाली गेल्या. आणि आम्हाला मात्र आग्रह! "घ्या ना, कुर्ल्या घ्या. तिसऱ्या घेतल्या नाहीत तुम्ही."

स्वतः खायचं नाही आणि आम्हाला वाढायचं, याचा अर्थ काय? परवाचा मासा आहे हे हिला ठाऊक आहे. म्हणजे आम्ही आजारी पडलो तरी चालेल? की हिच्याकडे सुतक आहे आणि लग्नाचं बोलणं अडू नये म्हणून दाबून ठेवलंय? आणि मग आणखी वाईट विचार आला. बाईने कुणा महाराजांची माळ घातली असेल. लग्न होऊन मुलगी घरात गेली की घरातला मासा बंद, सुनेच्या ताटातलाही बंद. माझी मुलगी बुधवारी संध्याकाळी बँकेतून येताना आधी फोन करते, कुठला मासा आणलायस म्हणून. तिला आयुष्यभर भोपळ्याची भाजी खायला घालणार होती ही बाई, आणि ते कळू नये म्हणून हा सगळा थाट.

तेवढ्यात मी ते बघितलं. तिने कागदी रुमाल मांडीवर घेतला, आमच्या नजरा चुकवून पानाखालचा ऐवज त्यात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. इतक्या सफाईने, की हे पहिल्यांदा करत नव्हती हे उघड होतं. मग ती हात धुवायला उठली. मीही उठले. नवऱ्याने डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

बायकांच्या बाजूला आत आरसे, फुलं, बसायला गुबगुबीत खुर्चीसुद्धा. बाई त्या रुमालाची पुरचुंडी कचऱ्याच्या डब्यात टाकत होती. दुसरं कुणी नव्हतं. माझं कचेरीतलं मराठी तिथेच संपलं.

"वयनी, एक इचारतंय, रागावू नकात. तुमी मासो खाल्लास नाय. पर्शीत घातलास. कित्याक?"

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. "तुमी बघलास?"

"मी सगळा बघतंय. येताना तुमचा घर पण बघलंय. थंय कसलीच दुरुस्ती नाय."

तिचा चेहरा पडला. ती खुर्चीत बसली आणि पदराने ओले हात पुसत राहिली. आता ही रडणार, मग मला समजूत काढावी लागणार आणि मुद्दा बाजूला राहणार, असं मला वाटलं. पण ती रडली नाही.

"माका मासो चलना नाय," ती म्हणाली. "सोडलंय."

"माळ घातलास?"

"माळ खंयची! नवस आसा." तिने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ह्येचा लगीन एकदा ठरलेला. साखरपुडो झालो आणि मोडला. त्या चेडवाचो दोष नाय, तिच्या मनात दुसरो होतो. पण माझो झील गप झालो. घराकडे येय ना, कोणाशी धड बोलय ना. तेव्हा गावदेवीकडे बोललंय, ह्येच्या कपाळाक बाशिंग लागापर्यंत माका मासो नको. ह्येका ह्या म्हायत नाय."

"किती वर्सां झाली?"

"मोजूक नाय," ती म्हणाली. "घरातली मांजरा सुद्धा कंटाळान शेजारणीकडे गेली."

मी हसले. तीही हसली. देवीला साडी बोलणं, खण बोलणं, उपास धरणं, हे आमच्याकडे सगळ्याच बायका करतात. पण मालवणी बाईने मासा सोडायचा, तोही कधी सुटेल याचा पत्ता नसताना? शेजारच्या घरात बांगडा तळायला पडला की त्याचा वास काय करतो हे आम्हालाच ठाऊक. ही बाई रोज तो वास घेऊन वरणभात जेवत होती.

"मगे ह्या हॉटेल कित्याक?" मी विचारलं.

"घराकडे बोलावलं असतंय तर मासो करूकच व्हयो होतो. पयल्यांदा येणाऱ्या पावण्यांका काय डाळभात वाढूचो? आणि केलं असतंय तर तुमी म्हणाला असतास, वयनी, तुमी पण बसा. मगे सगळा उघडा पडला असता. म्हटलंय, हॉटेलात कोण कोणाच्या प्लेटीत बघता?"

"मी बघतंय," मी म्हटलं.

"तां माका खंय म्हायत होता!"

"पण लपवचा कित्याक? नवस काय चोरी आसा?"

ती उभी राहिली. माझा हात धरला तिने, ओल्या, गार हाताने. "तुमच्या चेडवाक कळला तर ती माझी दया येवन हो म्हणात. माका तसा नको. तिका माझो झील बरो वाटलो तर हो म्हणांदे, नाय तर नाय. तुमी तिका सांगू नकात. तुमका देवीची शपथ."

मी शपथ घेतली. डोळे भरून आले होते ते आरशात बघून पुसले. या घरात माझी मुलगी गेली तर तिच्या जिवाला धक्का लागणार नाही, असं मला तिथं, त्या हात धुवायच्या जागी, अगदी आतून वाटलं. बाहेर येऊन मी प्लेटीत आणखी सुरमई घेतली आणि ती कसली आहे हे न विचारता खाल्ली. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

परतीच्या वाटेवर, बांदा मागे पडल्यावर मुलगी म्हणाली, "मला नाही वाटत हे जमेल."

नवऱ्याने गाडी हळू केली. "काय वायट आसा तेच्यात?"

"वाईट काहीच नाही, बाबा. चांगला आहे तो. पण मी काहीही म्हटलं तरी 'अगदी बरोबर'. मी मुद्दाम म्हटलं, मला पाऊस आवडत नाही. अगदी बरोबर. मग म्हटलं, तसा आवडतोही. अगदी बरोबर. इतक्या वेळात मला एकदाही हसू आलं नाही." ती ओरोसच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली, आमच्याशी मराठीतच बोलते. मग तिने पुढे वाकून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही दोघी आत एवढा वेळ काय बोलत होतात?"

"गुडघ्याचा सांगत होती. दुखतत म्हणान."

"आणि तुझे डोळे का लाल झाले होते?"

"साबणाचा हात लागलो."

तिने विश्वास ठेवला नाही, हे मला दिसलं. माझीच मुलगी ती. मग म्हणाली, "अजून एकदा भेटून बघू का? तुला काय वाटतं?"

एक वाक्य पुरलं असतं. मला माझी मुलगी ठाऊक आहे. ती रस्त्यात पाय मोडलेलं कुत्रं दिसलं की स्कूटर थांबवते. त्या बाईची गोष्ट ऐकली असती तर तिने त्या मुलाला आणखी एकदा भेटून, आणखी एकदा समजून घेऊन, शेवटी हो म्हटलं असतं. आणि मला ते स्थळ हवं होतं. मला ते इतकं हवं होतं की वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायले.

"तुझा तू ठरव," मी म्हटलं.

ती पुन्हा एकदा भेटली त्याला, कुडाळला, चहा प्यायला. आणि पुढच्या रविवारी सकाळी तिने सांगितलं, नाही. नीट विचार केलाय, आई. नाही.

फोन मलाच करावा लागला. नवरा म्हणाला, तुझी ओळख झाली आहे. चुलीवर बांगड्याची कढी उकळत होती, तिरफळं नुकतीच टाकली होती. मी खोलीत जाऊन दार लोटलं.

"वयनी, आमच्या चेडवाचा मन नाय हो. तुमचो झील बरो आसा, पण तिचा मन नाय."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"बरा," ती म्हणाली. आणि मग, "तिका सांगलास नाय मां?"

"नाय. शपथ घातलास मां तुमी."

"व्हय, व्हय." ती म्हणाली. "सांगलं असतास तर..." ती मध्येच थांबली. आणि मग घाईघाईने, "नाय, नाय. माझा आयकू नकात. तुमी बरा केलास. चेडवाक जपा." फोन ठेवला तिने.

मी खाटेवर बसून राहिले. त्या बाईने 'सांगू नकात' म्हटलं, ते खरंच सांगू नये म्हणून, की मी सांगावं म्हणून? घर दुरुस्तीला काढलंय हे पापणी न लववता सांगणारी, मासा पर्समध्ये लपवणारी बाई. आईच्या पोटात गोष्ट किती राहते, हे तिला कळत नसेल? असा विचार मनात आला आणि मला तिचा राग आला. लगेच स्वतःचा जास्त राग आला. ती बाई या क्षणी वरणभात वाढून घेत असेल आणि मी तिच्या शब्दांचे देठ तपासत बसले होते. मला ठरवता येईना. आजही येत नाही.

नवऱ्याने जेवायला हाक मारली. मुलीने ताटं वाढली होती. तिने कढीतली डोक्याकडची तुकडी माझ्या भातावर घातली.

"काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाली."

"चिडल्या नाहीत?"

"नाय."

तिने स्वतःला वाढून घेतलं, पण लगेच जेवायला लागली नाही. "चांगल्या होत्या गं त्या," ती म्हणाली. "खरं सांगू? तू गाडीत त्यांच्याबद्दल एक चांगला शब्द बोलली असतीस ना, तर मी हो म्हणणार होते."

मी खाली मान घालून बांगड्याचे काटे काढत राहिले.